सात नंबरचं फडकं

“फडकं आधी दुहेरी करायचं. मग असं खांद्यावर टाकायचं, पुढे छातीपर्यंत आणि मागे पाठीवर वीतभर. म्हणजे बाळाने गुळणी टाकली तरी साडीला लागत नाही.”

मी सांगत होते आणि नलिनीबाई वहीत लिहून घेत होत्या. ‘वीतभर’ लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, वीत तुमची धरायची की माझी. थट्टा करत नव्हत्या त्या. लातूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे माप पक्कं लागायचं. त्यांचे यजमान दिगंबरराव दाराशी चपला हातात धरून उभे होते, कारण चपला कुठे काढायच्या हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी बकुळला त्या फडक्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागले. तिने एकदा मान उचलली, फडक्यात नाक घातलं, परत मान उचलली आणि भोकाड पसरलं. नलिनीबाईंनी लिहिणं थांबवून काळजीने माझ्याकडे पाहिलं.

“झोपेला आलीय,” मी म्हणाले. “लागतो वेळ. तुम्ही लिहा, पाच मिनिटं थोपटायचं.”

मी खोटं बोलत होते. ती झोपेला आली नव्हती. साडेचार महिन्यांच्या त्या मुलीला मी जवळजवळ पहिल्यांदाच फडक्यावर घेतलं होतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. कऱ्हाडात एका ट्रस्टचं शिशुगृह होतं, तिथे मी बाळं सांभाळायला होते आणि राहायलाही तिथेच होते. कलावती माझं नाव, पण तिथे सगळ्या जणी कलामावशी म्हणायच्या. अनाथ, टाकलेली, आईने सही करून सोडलेली अशी तान्ही मुलं तिथे असायची आणि कोर्टाचे कागद झाले की दत्तक जायची. आमच्या अधीक्षिका ओगलेबाई फार शिस्तीच्या. प्रत्येक बाळाची सहा फडकी, कोपऱ्यात लाल दोऱ्याने नंबर काढलेला. एकाची गुळणी दुसऱ्याच्या तोंडाला लागायला नको आणि आमच्या साड्या दिवसभर आंबूस वास मारायला नकोत, म्हणून ढेकर काढताना फडकं घेतल्याशिवाय बाळ खांद्याला लावायचं नाही. रोज सकाळी ओगलेबाई धुण्याची बादली स्वतः बघायच्या. एखाद्या नंबरचं फडकं कोरडं निघालं की त्या बाळाच्या मावशीची चौकशी सुरू व्हायची.

बकुळचा नंबर सात. आली तेव्हा पावणेदोन किलोची होती, नुसती हाडं आणि डोळे. दूध प्यायची आणि ढेकर अडकून घटकाभराने सगळं बाहेर काढायची. फडक्याला उकळत्या पाण्याचा आणि जंतुनाशकाचा वास यायचा, तो तिला सोसायचा नाही. एकदा थोपटताना फडकं घसरून खाली पडलं. ते उचलायला मला हात मोकळा नव्हता. तिने माझ्या गळ्याशी नाक घासलं, तोंड उघडून मानेला लावलं, आणि एवढ्याशा जिवाने बाप्यासारखी ढेकर दिली. मग थोडं दूध टाकलं माझ्या ब्लाउजवर आणि झोपली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी फडकं घेणं सोडलं.

बादलीचं काय करायचं, हे मग मी शोधून काढलं. सात नंबरच्या फडक्यावर बाटलीतलं उरलेलं दूध चमचाभर ओतायचे, चुरगाळायचे आणि बादलीत टाकायचे. ओगलेबाईंना कधी शंका आली नाही. धुणं धुणाऱ्या ताहेराला मात्र दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

“मला येडी समजतीस व्हय गं?” ती म्हणाली. “पोटातनं आलेलं दूध फाटतं. तुझ्या सात नंबरावर नुसतं कोरं दूध असतंया.”

मी म्हटलं, सांग जाऊन बाईंना. ती म्हणाली, मला काय पडलंय, तुझी साडी तू धुतेस. पण तेव्हापासून मला बघितलं की ती स्वतःच्या खांद्याला हात लावून हसायची.

खरी गोष्ट अशी होती की मला ते आवडायचं. माझं लग्न होऊन अकरा वर्षांत मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा मी पेटी उचलली आणि निघून आले. बाईच्या खांद्यावर दूध सुकून साडी कडक होते म्हणजे काय, ते मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खांद्यावर पाहिलेलं. आता ते माझ्या खांद्यावर होतं. एकदा मंडईत कोथिंबीर घेताना भाजीवाली म्हणाली, वैनी, लेकराने खांद्यावर दूध टाकलंय बघा. मी पदर सारखा न करता म्हणाले, हो, साडेतीन महिन्यांची आहे, फार दूध टाकते. तिने एक जुडी वर घातली, पोरीच्या नावानं. मी शिशुगृहापर्यंत चालत आले ते पाय जमिनीला लागल्याचं मला आठवत नाही.

ओगलेबाईंना मी एकदा विचारलं होतं, बकुळ मलाच नाही का मिळणार. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. मग म्हणाल्या, तुला घर नाही कलावती, घरच दाखवता येणार नाही कोर्टात.

मग नलिनीबाई आणि दिगंबरराव बिराजदारांचे कागद आले. लग्नाला चौदा वर्षं, दोघंही नोकरी करणारी, स्वतःचं घर. ओगलेबाईंची पद्धत अशी होती की पालकांनी चार दिवस गावात येऊन राहायचं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बाळाचं सगळं त्यांनीच करायचं. पाजायचं, ढेकर काढायची, झोपवायचं. बाळ रुळलं तर पाचव्या दिवशी सकाळी द्यायचं. रुळलं नाही तर पालक कितीही चांगले असोत, द्यायचं नाही. त्यांना पुढे दुसरं बाळ दाखवायचं. आणि या चार दिवसांत बाळाच्या मावशीने पहिल्या दिवशी एकदा सगळं दाखवून दूर व्हायचं. त्यानंतर बाळाला हात लावायचा नाही.

मला ती मुलगी द्यायची नव्हती. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच चांगलं समजायला नको.

म्हणून मी नलिनीबाईंना सगळं अगदी नियमाप्रमाणे शिकवलं. फडक्याची घडी, मागे वीतभर, पाच मिनिटं. आणि त्या बाई इतक्या सरळ की शब्दही इकडचा तिकडे करायच्या नाहीत. पहिल्या दिवशी दुपारी मी पलीकडच्या खोलीत दुसऱ्या बाळाला न्हाऊ घालत होते. भिंतीआडून बकुळ रडताना ऐकू येत होती. आधी साधं रडणं, मग अंग ताठ करून रडणं, मग बसलेल्या आवाजाचं रडणं. मधेच नलिनीबाईंचा आवाज, “झालं हं राजा, झालं.” मग सगळं दूध ओकल्याचा आवाज. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, माझ्या हातातल्या बाळाला पुसताना मी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आदल्या दिवसापेक्षा ती कमी प्यायली. भुकेने बाटली ओढायची, चार घोट घ्यायची आणि खांद्यावर घेतलं की फडक्यातून तोंड बाजूला काढायची धडपड करायची. नलिनीबाई परत तिचं तोंड नीट फडक्यावर ठेवायच्या, साडी जपायला नव्हे, तसं सांगितलं होतं म्हणून. संध्याकाळी सहानंतर ताहेरा तिला चमच्याने थेंब थेंब पाजायची. मी दारातून बघायचे. बकुळने मला पाहिलं की मान वळवायची आणि दोन्ही हात हलवायची, आणि मी दाराआड व्हायचे. मला वाटायचं, दोनच दिवस राजा, दोन दिवस काढ, मग तू इथेच.

ताहेराने मला धुण्याच्या दगडापाशी गाठलं. या वेळी ती हसली नाही.

“कला, तू त्या बाईला सांगितलंस का?”

“काय सांगायचं?”

“आता माझ्यापुढं तरी नको,” ती म्हणाली आणि पाच-सहा फडकी माझ्या पुढ्यात टाकली. सगळी सात नंबरची. सगळी फाटलेल्या दुधाने भरलेली. “ह्ये बघ. आत्ता कुठं ह्यांच्यावर खरं पडायला लागलंय. लेकरू वाळायलंय.”

मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर. ती तिथेच उकिडवी बसून फडकी घासायला लागली आणि मी जाईपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. दोन दिवसांत दीडशे ग्रॅम वजन उतरलं होतं. डॉक्टर ओगलेबाईंना म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर ही जुळणी राहू दे, मूल महत्त्वाचं. ओगलेबाईंनी मान हलवली. मला हवं होतं ते आता एका दिवसावर आलं होतं. पण काट्यावर ठेवलेली बकुळ मी पाहिली होती. तिच्या मांडीला पडलेली वळी नाहीशी झाली होती. ती वळी आणायला मला तीन महिने लागले होते.

दुपारी मी मागच्या नळावर गेले तर तिथे नलिनीबाई. पदर खोचून त्या सात नंबरची फडकी धूत होत्या. ताहेराने धुतलेलीच परत धूत होत्या. मला बघून त्या थांबल्या.

“याला औषधाचा वास यायलाय, म्हणून वाटलं की...” त्या म्हणाल्या. “काही कळंना गेलंय मावशी. वर्गात साठ-साठ मुली माझं ऐकतात. ही एवढीशी...”

मी नळ बंद केला. दिगंबरराव काय म्हणतात, असं काहीतरी मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते कालपासून जेवलेले नाहीत. चौदा वर्षांत तीन वेळा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आलो, इथून तरी तसं जायचं नव्हतं, असं म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. मग त्यांनी हातातलं फडकं पिळलं, झटकलं आणि दोरीवर नीट टाकलं. नंबर बाहेरच्या बाजूला येईल असं.

“मी ओगलेबाईंना आत्ताच सांगणार आहे,” त्या म्हणाल्या. “उद्यापर्यंत कशाला थांबायचं. तुमच्याकडं ती पोटभर पीत होती, मी वजनाचा तक्ता बघितलाय. तुमच्याकडंच राहू द्या तिला. मी तिला उपाशी ठेवून माझी म्हणणार नाही.”

मी चार महिने ज्याची वाट बघत होते ते माझ्यासमोर उभं होतं. फक्त गप्प राहायचं होतं. पदराला हात पुसत, मान खाली घालून, अर्धा मिनिट. मग त्या आत गेल्या असत्या, संध्याकाळी माझ्या खांद्यावर बकुळ आली असती, आणि कुणालाही कधी काही कळलं नसतं. मला ती किती हवी होती, ते मी कोणत्या शब्दांत सांगू. आजही दुपारी दोनच्या सुमाराला, तिच्या दुसऱ्या बाटलीच्या वेळेला, माझा डावा खांदा आपोआप थोडा खाली येतो.

त्या वळल्या. मी हाक मारली.

“फडकं घेऊ नका.”

त्यांना कळलं नाही.

“तिला गळ्याशी नाक घासायला लागतं. उघड्या मानेला. तेवढं केल्याशिवाय तिला ढेकर येत नाही. फडकं तिला आवडत नाही, पहिल्यापासून आवडत नाही. घेऊ नका खांद्यावर.”

“पण साडी...”

“साडी खराब होणार. रोज होणार.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वळून आत गेल्या. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. दिगंबरराव बकुळला मांडीवर घेऊन बसले होते, ती मुठी चोखत कण्हत होती. नलिनीबाईंनी बाटली दिली. सहा-सात घोट झाल्यावर त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, मंगळसूत्र बाजूला सारलं आणि पदर खाली घेतला. बकुळने मान उचलली. मला ती मान उचलणं पाठ होतं. आता ती डावीकडे वळेल, आता नाक लावेल, आता थांबेल. तिने नाक लावलं. बराच वेळ ती नुसती वास घेत होती, परक्या माणसाचा. मी दाराची चौकट धरली होती. एका मनाने म्हणत होते, दे गं ढेकर, आणि दुसऱ्या मनाने, ते मी इथे सांगत नाही.

तिने ढेकर दिली. मग घळकन दूध टाकलं, गळ्यावरून ब्लाउजच्या आत गेलं असणार. नलिनीबाई हलल्या नाहीत. श्वासही घेतला नसेल त्यांनी. दिगंबरराव घाईने फडकं घेऊन पुढे आले तर त्यांनी डोळ्यांनीच त्यांना मागे सारलं. बकुळने उरलेली बाटली संपवली, आणखी एकदा दूध टाकलं आणि मानेत तोंड खुपसून झोपली.

खूप वेळाने नलिनीबाईंनी दाराकडे पाहिलं. आवाज न चढवता, मूल जागं होऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हणाले.

“तीन दिवस उपाशी होती ती.”

“हो.”

दिगंबरराव आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत होते. मला वाटलं, आता त्या ओगलेबाईंना हाक मारणार. मारायलाच हवी होती. पण त्यांनी तोंड फिरवलं आणि खिडकीकडे चालत गेल्या, बकुळला खांद्यावर घेऊन. चौथ्या दिवशी दिवसभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. काही हवं असलं तर ताहेराला विचारायच्या. ओगलेबाईंनी एकदा आश्चर्याने म्हटलं, फडकं का घेत नाही, साडी बघा केवढी भिजलीय. त्यावर नलिनीबाई म्हणाल्या, “मला असंच जमतंय.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. वजन साठ ग्रॅमने वाढलं.

त्या रात्री मी ताहेराच्या खोलीत झोपायला गेले. तिने माझ्यासाठी चटई अंथरली.

त्यानंतर मी आणखी नऊ वर्षं तिथे होते. किती बाळं आली आणि गेली, सगळ्यांची ढेकर मी फडक्यावर काढली. बकुळचं काय झालं ते मला ठाऊक नाही, ठाऊक होऊ नये अशीच तिथली रीत होती. पण मनातल्या मनात मी तिचे दिवस धरून राहिले. आता बसत असेल. आता शाळेचं पहिलं वर्ष, आता दहावी, गणितात चांगलीच असणार, आई कान पिळत असेल. नाव बदललं असेल. रस्त्यात समोरून आली तर मी ओळखणार नाही आणि तीही मला ओळखणार नाही. तरी लातूरची पाटी असलेली बस दिसली की मी ती नजरेआड होईपर्यंत थांबते.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांची गाडी फाटकापाशी उभी होती. ओगलेबाईंनी बकुळच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. दिगंबररावांनी सामान ठेवलं आणि वाकून सगळ्यांना नमस्कार केला, अगदी ताहेरालाही. मी सगळ्यांच्या मागे, जिन्याच्या पायरीवर उभी होते. मला पुढे यायचं नव्हतं. नलिनीबाई गाडीपर्यंत गेल्या, आणि दार उघडलेलं असताना तिथून परत फिरल्या. सगळ्यांच्या मधून वाट काढत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बकुळ त्यांच्या खांद्यावर होती, तोंड मागच्या बाजूला. नलिनीबाईंचे डोळे रात्रभर न झोपलेले.

“राग गेला नाही माझा,” त्या म्हणाल्या. “पण एकदा घ्या तिला.”

आणि तिचं तोंड माझ्याकडे येईल अशा त्या थोड्या वळल्या.

माझे हात निघाले होते. कोपरापर्यंत वर आलेले मला आठवतात. पण ती परवा दुपारी कुठे एका मानेची झाली होती. माझ्याकडे आली असती तर तिने पुन्हा नाक घासलं असतं, आणि मग लातूरपर्यंत त्या गाडीत तिला कुणी शांत केलं असतं. मी हात पदरात गुंडाळले.

“झोपलीय,” मी म्हणाले. “राहू द्या. उठवू नका.”

नलिनीबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बकुळ टक्क जागी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिचं तोंड आपल्या मानेशी घेतलं आणि गाडीकडे चालत गेल्या.